लाईनचे एक्केचाळीस अर्थ

"निमकर, लाईन दे."

फोनवर आमच्या उपविभागाचे कुंभोजकर साहेब होते. त्यांच्या मागे बँड वाजत होता, आणि मंत्रिमहोदय येईपर्यंत शांतता राखा अशी विनंती माइकवरून कुणीतरी बँडपेक्षा मोठ्या आवाजात करत होतं.

"साहेब, परमिट परत आलेलं नाही."

"येईल. तू लाईन दे."

"वाघमोडे खांबावर असला तर?"

"अरे, उतरला तो. त्याचा मदतनीस आत्ता माझ्या डोळ्यांदेखत सायकलवरून गेला, खांद्यावर दोराचं वेटोळं टाकून. वर माणूस असताना दोर घेऊन कोण फिरतो? मंत्री गाडीतून उतरताहेत, निमकर. बारा पाचचा मुहूर्त आहे."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा छप्पन झाले होते.

त्या वेळी माझ्याजवळ 'लाईन' या शब्दाचे एक्केचाळीस अर्थ लिहून ठेवलेले होते. साहेबांच्या वाक्यात त्यांतला एकच होता, आणि तो आम्हा दोघांनाही स्वच्छ कळला होता. गैरसमज झाला, असं मला नंतर कधीच म्हणता आलं नाही. ही त्या प्रकरणातली मोठी गैरसोय.

हे एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालचं. माणदेशातल्या एका वीज उपकेंद्रात मी ऑपरेटर होतो. वय चोवीस, चष्म्याचा नंबर उणे सात, नोकरी अजून कायम व्हायची होती. उपकेंद्र म्हणजे गावाबाहेर तारेच्या कुंपणात गुणगुणत बसलेला एक ट्रान्स्फॉर्मर आणि शेजारी एक खोली. खोलीत कपाटांएवढी तीन पॅनेलं, प्रत्येकाला एक लोखंडी हँडल. हँडल खाली ओढलं की तिकडच्या गावांची वीज जायची, वर ढकललं की यायची. मधल्या वेळात ऑपरेटरनं दर तासाला मीटरचे आकडे वहीत लिहायचे. त्या वहीच्या मागच्या पानांवर मी 'लाईन' लिहायचो.

कारण युनियनच्या संमेलनात मला करमणुकीसाठी दहा मिनिटं मिळणार होती. इंग्रज जाताना मागे ठेवून गेले आणि आपण चावून चावून आपला केला, असा एक शब्द मी धरला होता. रेशनच्या दुकानापुढची लाईन. फोनची न लागणारी लाईन. गवंड्याची लाईनदोरी. पोलीस लाईन. 'मुलगा कुठल्या लाईनला आहे?' असं विचारतात ती लाईन, आणि तोच मुलगा समोरच्या खिडकीवर मारतो ती लाईन. मास्तर वांड पोरांना जिच्यावर आणतात ती. नाटकात ऐन वेळी आठवत नाही ती. आणि सगळ्यांच्या वर, खांबावरची आमची. ती आली की गाव नुसतं 'लाईन आली' म्हणायचं. गेली की आमच्या आईची आठवण काढायचं.

या यादीचा मोठा पुरवठादार होता सदाशिव वाघमोडे. पंचेचाळिशीचा लाईनमन, धनगराचा, काटक. लोक घराच्या पायऱ्या चढतात तसा तो खांब चढायचा. त्या दिवशी सकाळी पावणेनऊला तो खोलीत आला तोच विचारत.

"किती झालं, निमकर सायेब?"

"चाळीस."

"मेंढरांची घातली का? मेंढरं लाईनीनं चालत्यात. म्होरकं खड्ड्यात पडलं की समदी लाईन खड्ड्यात."

"घातली. एकोणतीस नंबर."

"तुमचं बरं हाय. आमच्याकडं दोनच. जित्ती लाईन आन् मेल्याली लाईन. वर गेल्यावर तिसरी कुटली आठवत न्हाय बगा."

हे मात्र मी लिहून घेतलं नाही. मला ते विनोदी वाटलं नव्हतं.

तो परमिट घ्यायला आला होता. ओढ्यापलीकडे जोंधळ्याच्या रानात एका खांबावरची, तार धरणारी चिनी मातीची चिमणी तडकली होती, आणि त्याच लाईनवर दुपारी मंत्र्यांच्या हस्ते नव्या उपसा योजनेचा पंप सुरू व्हायचा होता. मी हँडल खाली ओढलं, लाईन मेली. परमिटच्या कागदावर मी सही केली, त्यानं अंगठा उठवला. काम संपवून तो स्वतः येणार, पुन्हा अंगठा उठवणार, मग मी लाईन देणार. रानात फोन नव्हता. तो जिवंत आहे हे कळायचा दुसरा रस्ताही नव्हता.

हे खात्याचं झालं. वाघमोड्याचं निराळं होतं. अंगठा उठवल्यावर त्यानं कमरेची चंची काढली. लाल कापडाची, तेलकट, पानतंबाखूची चंची. तिच्या दोऱ्याच्या टोकाला एक कवडी. ती त्यानं हँडलला बांधली. मेंढी खुंट्याला बांधतात तसली गाठ, एका हातानं मारलेली.

"कागुद तुमचा, चंची माजी," तो नेहमीसारखा म्हणाला. "कागुद कुनीबी हिकडचा तिकडं करंल. पर चंची माज्याबिगर कोन सोडनार? आन् तंबाकूबिगर मी तरी किती येळ ऱ्हानार? काम झालं की पळत येतो का न्हाय बगा."

असं तो बारा वर्षं करत होता. त्या हँडलवर चंची लोंबत असेल तोवर हँडल वर जात नाही, हे सगळ्या उपविभागाला ठाऊक होतं. कुंभोजकर साहेबांनाही.

अकराच्या सुमाराला जिल्ह्याहून मोठे साहेब आले. समारंभ झाल्यावर मंत्री इथं चहाला थांबतील, म्हणून ते जागा बघायला आले होते. त्यांनी फिनेलचा वास घेतला, तसबिरीचा हार सरळ केला आणि पॅनेलपाशी थबकले.

"हे काय लोंबतंय?"

"लाईनमनची चंची, सर."

"पॅनेलवर? तंबाखू? काढा ते."

मी त्यांना कारण सांगू शकलो असतो. एक वाक्य पुरलं असतं. मी 'हो सर' म्हणालो. गाठ सुटेना, नखं लावून सोडवली, आणि चंची टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकली. साहेब गेले. मग मी बसून एक्केचाळिसावा अर्थ लिहिला. मोठ्या साहेबांच्या विजारीची इस्त्रीची लाईन. तो मला फारच चांगला वाटला होता.

तर अकरा छप्पन.

"निमकर, ऐकतोयस ना?" कुंभोजकर म्हणाले. "बरं, तुझ्या समाधानासाठी. हँडलला त्याची चंची आहे का बघ."

मी मान वळवून बघितलं. हँडल रिकामं होतं.

"नाही," मी म्हणालो.

"मग झालं तर! येऊन घेऊन गेला असेल, तू असशील बाहेर कुठंतरी. कागदाचं मी बघतो. दे लाईन. तुझ्या कायम व्हायच्या फायलीवर परवा माझीच सही आहे, लक्षात आहे ना?"

मी फोन टेबलावर आडवा ठेवला, पॅनेलपाशी गेलो, आणि दोन्ही हातांनी हँडल वर ढकललं.

पॅनेलच्या पोटात तोफेसारखा आवाज झाला. हँडल माझ्या हातांतून निसटून खाली आपटलं. दंडांपर्यंत झिणझिण्या गेल्या. काचेमागची छोटी लाल झेंडी पडली.

झेंडी पडली म्हणजे जिवंत लाईन कुठंतरी जमिनीला भेटली. कशातून भेटली ते पॅनेल सांगत नाही. झाडाच्या फांदीतून भेटते, साखळीतून भेटते, माणसातूनही भेटते. झेंडी एकच.

साखळीचं सांगायला हवं. खांबावर चढायच्या आधी वाघमोडे मेलेल्या तारांवर एक लोखंडी साखळी टाकायचा आणि तिचं दुसरं टोक जमिनीत पुरायचा. चुकून कुणी लाईन दिलीच, तर ती साखळीतून जमिनीत जावी, त्याच्यातून नव्हे. याला वीस मिनिटं लागायची. त्या वीस मिनिटांवरून कुंभोजकरांनी त्याला दोनदा लेखी समज दिली होती. आणि आज तर सकाळपासून सगळेच त्याच्या मागं लागले होते: आवर, वाघमोडे, आवर.

टेबलावरून साहेबांचा आवाज येत होता. मी फोन कानाला लावला.

"काय झालं?"

"ट्रिप झाली."

"मग परत टाक की! एक ट्राय घे. पक्षी-बिक्षी असेल."

हीसुद्धा आमच्याकडची रीत होती. एकदा पडली की पुन्हा टाकून बघायची. फांदी असली तर जळून जाते.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"टाकत नाही."

"निमकर, मंत्री बटणापाशी उभे आहेत!"

"उभे राहू देत."

आयुष्यात अधिकाऱ्याला उलट बोलायची ती माझी पहिली वेळ. चार मिनिटं आधी बोललो असतो तर तिला काही किंमत होती. फोन मी पुन्हा आडवा ठेवला. ड्रॉवरमधून चंची काढली आणि हँडलला बांधली. माझ्या बोटांना येणारी एकच गाठ बसली.

मग वाट बघायची. उपकेंद्र सोडून ऑपरेटरला जाता येत नाही. बाकीच्या दोन लाईनींवर चौदा गावं होती आणि सरकारी दवाखाना होता. बारा वाजले. मी मीटरचे आकडे लिहिले. वहीतलं ते पान पुढे कुणी पाहिलं असेल तर त्याला वाटलं असेल, डाव्या हातानं लिहिलंय.

बारा पाचला फोनमधून फटाके ऐकू आले. मग टाळ्या. मग भाषण, बराच वेळ. शेतकरी, घाम, गंगा. फोन ठेवून द्यायचं मला सुचलं नाही. वाघमोड्याच्या घरी कोण कोण आहे ते मी आठवत होतो. बायको जनाबाई. दोन मुली, थोरलीचं लग्न वैशाखात. म्हातारी आई, तिला ऐकू येत नव्हतं. तिला कसं सांगायचं, कानाशी ओरडून की खुणेनं, हा विचार मी किती वेळ करत होतो कुणास ठाऊक. बारा वीस. बारा पस्तीस. बाहेर ट्रान्स्फॉर्मर गुणगुणत होता. त्याला काय.

बारा बेचाळीसला फाटक वाजलं.

सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. मग पावलं. वाघमोडे दारात उभा राहिला. तोंडाला काजळी, उजव्या हातावरची लव भाजून गेलेली, भुवई अर्धीच. खांद्यावर साखळी. ती त्यानं माझ्यापुढं टेबलावर ठेवली. तिच्या मधल्या दोन कड्या वितळून एकमेकींत बसल्या होत्या.

मी उठलो.

"दोर कुजका निगाला," तो शांतपणे म्हणाला. "बदलून आनायला बंडूला धाडला हुता. मी वरच हुतो."

मग तो पॅनेलपाशी गेला. हँडलला चंची होती. त्यानं तिला हात लावला नाही, वाकून नुसती बघितली. मेंढीची गाठ गेली होती. तिच्या जागी बुटाच्या नाडीचं फूल होतं, दोन पाकळ्यांचं. त्या सबंध तालुक्यात बुटाची नाडी बांधणारे ऑपरेटर एकच होते.

तो वळणार इतक्यात जीप आली. कुंभोजकर साहेब कपाळावरचा गुलाल न पुसता आत घुसले.

"निमकर, तुला मी आज..." एवढं म्हणाले आणि त्यांना वाघमोडे दिसला. मग टेबलावरची साखळी दिसली. गुलालाखाली माणूस पांढरा पडतो तो कसा, हे मी तेव्हा बघितलं.

"तू... वर होतास?"

"व्हय."

"मग चंची? चंची नव्हती हँडलला! मी विचारलं होतं. निमकर, मी विचारलं होतं की नाही?"

"विचारलं होतं," मी म्हणालो.

साहेबांनी चंचीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझी नोकरी त्या चंचीच्या दोऱ्याला लोंबत होती. आणि खरं तर नोकरी हा त्यातला बारका भाग होता. खात्यात याला गुन्हा म्हणतात, बाहेर पोलीसही तेच म्हणतात.

"आज ऱ्हायली लावायची," वाघमोडे म्हणाला.

"काय?"

"घाई हुती न्हवं सायेब, समद्यांनाच. तशीच कमरंला ऱ्हायली. आत्ता आल्यावर लावली."

त्यानं चूक अंगावर घेतली ती अशी, पाण्याचा तांब्या उचलावा तशी. कुंभोजकरांनी एवढा मोठा श्वास सोडला की वहीची पानं उडाली. परमिट परत यायच्या आधी लाईन मागितली होती त्यांनी. त्यांनाही आता खोदून काढायचं काही नव्हतं. "क्षणिक बिघाड लिहा," ते मला म्हणाले. "झाडाची फांदी." मग खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि एकदम हसायला लागले. ते हसू जरा भीतीचंच होतं.

"कार्यक्रमाचं काय झालं, साहेब?" मी विचारलं.

"झाला की. मंत्र्यांनी बटण दाबलं, बँड वाजला, नारळ फुटला, भाषण झालं, सगळे जेवायला गेले. पाणी आलं नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्या गावाला पाणी न येण्याचीच सवय आहे रे."

चहालाही कुणी थांबलं नाही.

जीप गेली. वाघमोड्यानं परमिटवर अंगठा उठवला. मग चंची सोडली. फुलाची गाठ, एका ओढीत सुटली. पान काढलं, चुना लावला, अडकित्त्यानं सुपारी कातरली. हात जरासुद्धा हलत नव्हता. पान गालात गेल्यावर म्हणाला, "द्या आता लाईन."

मी हँडल वर ढकललं. या वेळी ते वरच राहिलं.

"मोठे साहेब आले होते," मी म्हणालो. "काढा म्हणाले. मी ड्रॉवरमध्ये ठेवली, आणि... विसरलो."

"इसरला."

"हो."

"ड्रावर झाकल्याला हुता?"

"हो."

तो टेबलाजवळ आला. ड्रॉवर ओढून पाहिला, ढकलून पाहिला. तो ड्रॉवर लाकूड फुगल्यामुळे पुरता कधी बंदच व्हायचा नाही. चार बोटं उघडा राहायचा. उपविभागात हे चंचीइतकंच सगळ्यांना ठाऊक होतं.

मग त्यानं सायकल काढली आणि घरी गेला.

संमेलनात मी करमणूक केली नाही. घसा बसला असं सांगितलं. दोन दिवसांनी माझी नोकरी कायम झाली.

पुढच्या आठवड्यात वाघमोडे परमिट घ्यायला आला. मी हँडल ओढलं, सही केली, त्यानं अंगठा उठवला. चंचीला तो हात लावीना. कमरेला होती तशीच राहिली.

"चंची?" मी विचारलं.

"ती ऱ्हाऊ द्या. चष्मा काडा."

"काय?"

"चष्मा. द्या हिकडं."

मी काढून दिला. त्यानं तो खाकी सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला आणि बटण लावलं.

"आता काय दिसतंय?"

"काही नाही," मी म्हणालो. खरंच नव्हतं दिसत. पॅनेलांच्या जागी तीन धुकट काळे डाग होते, आणि तो स्वतः एक चौथा, बोलणारा.

"हँडल?"

"नाही."

"ड्रावर?"

मी हातानं चाचपून तो आत ढकलला, जाईल तेवढा.

"मग आसंच बसायचं. मी येस्तवर."

तो गेला. मी बसलो. वाचता येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं, मीटर दिसत नव्हते. फोन वाजला तर हातानं चाचपून उचलायचा आणि सांगायचं, साहेब, लाईन देता येणार नाही, मला दिसत नाही. त्या तासांचे आकडे तो आल्यावर मी मागाहून भरायचो. कुंभोजकरांना हे कळलं होतं. त्यांनी कधी विषय काढला नाही.

तीन वर्षं असंच चाललं. माझ्या पाळीत परमिट घेतलं की चष्मा त्याच्या खिशात. माझ्या उणे सातच्या काचांनी माणदेशातले जेवढे खांब वरून बघितले, तेवढे कुठल्या इंजिनिअरनं खालूनही बघितले नसतील. यादी एक्केचाळिसावरच थांबली. पुढे मी वर्तमानपत्रात गेलो, तीस वर्षं शब्दांची आणि माणसांची टर उडवली, आणि संपादकांनी सुचवूनही या एका शब्दावर लिहिलं नाही. विचारलं की सांगायचो, सुचत नाही.

वाघमोडे आता नाही. त्याला त्याच्या घरात, झोपेत, म्हातारपणानं मरण आलं. म्हणून आता लिहायला हरकत नाही. अकरा छप्पनला मी मान वळवून हँडलाकडे बघितलं, तेव्हा मधे टेबल होतं. ड्रॉवर चार बोटं उघडा होता. त्यातून कवडी बाहेर लोंबत होती. फोनवर 'नाही' म्हणालो, तेव्हा मी तिच्याकडेच बघत होतो.

उपकेंद्रातल्या माझ्या शेवटच्या दिवशी नेमका तो परमिट घ्यायला आला. राजीनामा मंजूर झालेला, संध्याकाळी माझा निरोप समारंभ. मला वाटलं, आज तरी तो चंची बांधेल. मी मुद्दाम चष्मा काढायला उशीर केला.

त्यानं हात पुढे केला.

मी काढून दिला. खिसा, बटण, सायकल. दुपारी अडीचपर्यंत मी त्या तीन काळ्या डागांसमोर बसून राहिलो. मग फाटक वाजलं, पावलं आली, आणि चष्मा माझ्या हातात पडला. काचा स्वच्छ पुसलेल्या होत्या. दर वेळी तो पुसूनच द्यायचा.